पहिल्या वजनाला लाभ

"मी काय गुळाचा रवा हाय व्हय रे दस्तगीर, तुझ्या काट्यावर चढायला?"

भर दुपारी बाजार समितीच्या गूळ सौद्यात आत्ती काट्यापुढं उभ्या होत्या आणि हलायला तयार नव्हत्या. आमच्याकडं गुळाच्या तीस किलोच्या ढेपेला रवा म्हणतात, आणि सासूला आत्ती. आमच्या गुऱ्हाळाचा गूळ वर्षानुवर्षं दस्तगीरमामांच्या काट्यावर उतरत आला होता. ते तिथले जुने मापाडी. आत्तींना ते आक्का म्हणत. आज आक्का स्वतःच काट्यावर चढायला आल्यात म्हटल्यावर त्यांनाही कुठं बघावं कळेना.

माझे यजमान सुकुमार टेम्पो लावायला म्हणून गेले ते गेलेच. आईच्या वजनाला मुलानं हजर असू नये एवढी समज त्यांना होती. ती समज होती की पळपुटेपणा, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

"चढा आत्ती," मी म्हटलं. "डॉक्टरांनी नक्की वजन मागितलंय. दवाखान्यातला काटा एकशेवीसच्या पुढं जात नाही."

"मग एकशेवीसच लिव्हा की. कुणाचं काय जातंय?"

"एवढे दिवस तेच लिहीत आलेत सगळे."

दस्तगीरमामांनी खांदा पुढं केला. त्यावर हात ठेवून आत्ती काट्याच्या पत्र्यावर चढल्या, डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला आणि डोळे मिटले. पण सवयीला औषध नसतं. काट्यावर माल आला की आकडा मोठ्यानं पुकारायचा, म्हणजे दिवाणजी वजनाची पट्टी लिहितो, हीच मामांची जन्माची सवय.

"एकशे सत्तावन्न!"

"पाच रवं आन वर चिल्लर!" एक हमाल ओरडला आणि आजूबाजूचे खो खो हसले. मामांनी जीभ चावली. मग त्या हमालाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण बाण सुटला होता. आत्ती खाली उतरल्या, दिवाणजीच्या हातातली पट्टी काढून घेतली, तिचे चार तुकडे केले आणि चोळीत खोचले.

"चल," एवढंच म्हणाल्या.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. माझ्या डोक्यावरही पांढरे केस आलेत. पण तो "एकशे सत्तावन्न" अजून कानात आहे.

वारणाकाठच्या आमच्या गावात आत्तींशिवाय पंगत उठत नसे. लग्न असो, बस्तीतली, म्हणजे आमच्या जैन मंदिरातली पूजा असो, खपली गव्हाची खीर आत्तींनीच करायची. एक पैसा घ्यायच्या नाहीत. भलं मोठं पातेलं चुलीवर चढवून पहाटेपासून ढवळत बसायच्या आणि पंगतीत स्वतः वाढायला उभ्या राहायच्या. एखादा हात आखडून वाढू लागला की कडाडायच्या, "मोजून वाढायचं तर बोलवायचंच कशाला रे?" स्वतः मात्र सगळ्यांच्या शेवटी, उभ्या उभ्या दोन घास खायच्या. तरी गावाला वाटायचं, अर्धी खीर हिच्याच पोटात जाते. तोंडावर कुणी म्हणत नसे. पण बस्तीच्या ओट्यावर बसताना शेजारणी जरा जास्तच सरकून जागा द्यायच्या. ते आत्तींना कळायचं.

गावात एकदा आरोग्य शिबिर झालं. नर्सबाईंनी आत्तींना काट्यावर उभं केलं, आणि काटा शेवटाला जाऊन थडकला. रांगेतल्या बाया पदराआड हसल्या. त्या दिवसापासून आत्तींनी दवाखान्याची पायरी चढली नाही. पाळी जाऊन इतकी वर्षं झालेल्या बाईला अंगावर लाल जायला लागलं, तरी नाही. वर्षभर त्यांनी ते लपवलं. एकदा न्हाणीत कपडे भिजवताना मला दिसलं, आणि मी घर डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठं निघाल्या.

गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला. पण वेळ गेली नव्हती. पिशवी काढून टाकली की बहुतेक काम झालं, असं सगळे म्हणाले. सरकारी योजनेत ऑपरेशन फुकट. आम्ही योजनेतल्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. त्यांनी आत्तींना एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खाट शिल्लक नसल्याचं सांगितलं. तिथल्या योजनेच्या खिडकीवरची मुलगी बिचारी खरं बोलली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, सरकार सगळ्या पेशंटना सारखेच पैसे देतं. तुमच्या सासूबाईंना वेळ दुप्पट लागणार, माणसं जास्त लागणार, नंतर आयसीयू लागणार. ते वरचे पैसे कुणी देत नाही. म्हणून यांना खाट नसते."

मग मोठ्या सरकारी दवाखान्यात आलो. तिथं डॉक्टर घोरपडे मॅडम भेटल्या. उंच, आवाज पुरुषी, बोलणं सडेतोड. त्यांनी आत्तींना बसवून घेऊन सांगितलं, "अंगावर चरबी फार झाली की ती पिशवीला नको ते खतपाणी घालते. त्यातनं हा आजार होतो. तुम्ही काही पाप केलेलं नाही. पिशवी मी काढते. पण आधी मला तुमचं खरं वजन हवं."

म्हणून तो काटा.

सौद्यातून आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. मी मॅडमना आकडा सांगितला. त्यांनी सुस्कारा सोडला. "ऑपरेशनचं टेबल दीडशे किलोपर्यंतचं आहे," म्हणाल्या आणि तरातरा दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्या. दार नीट लागलं नव्हतं. बाहेर बाकावर आम्ही दोघी. आतून साहेबांचा आवाज आला.

"एका बाईसाठी? एका बाईसाठी नव्या टेबलाचा खर्च? लोकांचा पैसा आहे हा, मॅडम!"

आत्तींनी पदर तोंडाला लावला. कसायाकडं नेलेल्या म्हशीचे डोळे मी पाहिलेत. त्या दिवशी आत्तींचे डोळे तसे होते, आणि माझा नुसता जळफळाट झाला.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. घाईत म्हणाल्या, "मी काहीतरी करते. पुढच्या सोमवारी या. आणि येताना काट्याची पट्टी घेऊन या, विसरू नका."

टेम्पोत आत्ती एकच वाक्य बोलल्या. "सोमवारी परत वजन बघणार."

मलाही तसंच वाटलं. दीडशेच्या आत आलं तर ऑपरेशन, नाहीतर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ती बस्तीत गेल्या आणि आठ दिवसांचा उपवास धरून आल्या. फक्त कोमट पाणी, तेही दिवसाउजेडी.

आमच्या जैन घरांत व्रत म्हटलं की पुढं बोलणं खुंटतं. उपवास धरणाऱ्याला कुणी थांबवत नाही. थांबवणाऱ्याला पाप लागतं. सुकुमारनी आईला हात जोडले. संध्याकाळपासून बाया दर्शनाला येऊ लागल्या. ज्या ओट्यावर सरकून बसायच्या, त्याच आता वाकून आत्तींच्या पायाला हात लावू लागल्या. शेजारच्या चंद्राबाईंनी तर हट्टच धरला, "आक्का, पारणं आमच्या घरचं हं. एवढं पुण्य आम्हाला घेऊ द्या." आत्ती मान हलवायच्या आणि भिंतीकडं बघायच्या.

मला वाटलं, देवाला साकडं घालतायत. घालू देत. संकटात माणूस आणखी काय करणार?

चार-पाच दिवस गेले. त्या दुपारी मी त्यांना उठवून बसवायला गेले, तर त्यांचा तोल गेला. मी कमरेला मिठी मारून कसंबसं सावरलं. ओठ पांढरे पडले होते. लाल जाणं थांबलेलं नव्हतंच. माझ्या खांद्यावर डोकं टेकून त्यांनी हळूच विचारलं,

"नीला, चोळी सैल झाल्यागत वाटती का बघ."

मी त्यांचा चेहरा हातांत धरून वर केला.

"आत्ती, हे व्रत नाही."

त्यांनी नजर भिंतीकडं वळवली.

"हे व्रत नाही. तुम्ही वजन उतरवताय. टेबलासाठी."

"हळू बोल. भाईर बाया हाईत."

"असू देत की! अंगातलं रक्त चाललंय आणि वर अन्न बंद? टेबलावर चढायच्या आधीच जाल!"

"मग ग्येलो तर ग्येलो. पर नीला, माझ्या एकटीपायी लोकांच्या पैशाचा नवा टेबल? ऐकलंस न्हवं त्यो सायेब काय म्हणला? आयुष्यभर कुणाच्या ताटातला घास घेतला न्हाई मी. आता मरतानी घिऊ?"

मला रडू आलं, आणि रडता रडता राग आला. मी म्हटलं, "पंगतीत तुम्हीच ओरडता ना, मोजून वाढायचं तर बोलवायचंच कशाला म्हणून? मग सरकारनं का मोजून वाढायचं? तुमच्याच पानावर का?"

"ती खीर हाय गं. ह्यो खर्च हाय."

मी सुकुमारना शेतातून बोलावून घेतलं आणि काय चाललंय ते सांगितलं. ते उंबऱ्यावर बसले. "आईचं व्रत मोडायचं?" म्हणाले. मी म्हटलं, "व्रत मोडायचं की आई मोडायची ते तुम्ही ठरवा. मी टेम्पोत बसते." ते उठले. बाहेरच्या बायांना सांगितलं, आईला दवाखान्यात दाखवून आणतो. आत्ती आल्या, कारण त्यांना वाटलं, वजन बघायलाच नेतायत.

घोरपडे मॅडमनी आत्तींच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि नर्सला सलाईन आणायला सांगितलं. आत्तींनी हात काढून घेतला.

"सुई नगं. अजून दोन-तीन दिस काय घेत न्हाई मी. पाण्याबिगर काय बी न्हाई."

"का पण?"

मी सगळं सांगितलं. शिबिरातला काटा, टेबल, दीडशे किलो, उपवास, सैल चोळी. मॅडम ऐकत गेल्या आणि शेवटी स्टूल ओढून आत्तींच्या समोर बसल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"आजी, तुम्हाला हलकं व्हा म्हणून कुणी सांगितलं?"

"तुमीच न्हाई का. पट्टी घिऊन या म्हणाला."

"अहो, पट्टी मागितली ती तुमचं वजन जास्त आहे हे दाखवायला!" त्यांनी कपाळावर हात मारला. "साहेब म्हणतात, नवं टेबल कशाला, इथं दीडशेच्या वरचा पेशंटच येत नाही. सगळ्या फायली काढून बघा, म्हणाले. मी बघितल्या. कुणाचंच वजन एकशेवीसच्या वर नाही. असेल कसं? काटाच तिथं संपतो. तुमच्यासारख्या किती बाया आल्या असतील, सगळ्यांना एकशेवीस लिहून परत पाठवलं. कागदावर त्या नाहीतच. जी बाई कागदावर नाही तिच्यासाठी टेबल कोण घेणार? मी तोंडी एकशे सत्तावन्न सांगितलं तर म्हणाले, पुरावा आणा. म्हणून ती सौद्याची पट्टी. त्यांच्या काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो, आमच्या काट्याला तोही नाही."

आत्तींचा हात नकळत चोळीकडं गेला. ते चार तुकडे कधीच धुण्याच्या पाण्यात गेले होते.

"म्हंजी मी दीडशाच्या आत आलो, तर..."

"तर फाईल बंद. तुमचं ऑपरेशन कदाचित होईल, या अशा अंगात रक्त नसताना, आणि तुम्ही त्यातून उठाल की नाही मला सांगता येत नाही. आणि तुमच्या मागची बाई पुन्हा एकशेवीसचीच."

"माझ्या मागं कोण हाय?"

"ते तुम्हीच सांगा. शिबिरातून घरी जाऊन दार लावून बसणारी तुमच्या गावात तुम्ही एकटीच होतात का?"

आत्ती खिडकीकडं बघत राहिल्या. उन्हं कलली होती. दिवस मावळल्यावर आत्ती एरवीही अन्नाला शिवत नसत. मावळला की मग उद्याच्या सकाळपर्यंत काही नाही, आणि मॅडमचा चेहरा सांगत होता की सकाळपर्यंतची खात्री नाही. सुकुमार दारात उभे होते. ते एकदा आईकडं बघायचे, एकदा उन्हाकडं. मी तर मनातल्या मनात त्या सूर्याला धरून ठेवलं होतं.

आत्ती म्हणाल्या, "नीला, डब्यात काय आणलंयस?"

"भाकरी. मुगाची पातळ आमटी."

"आई, व्रत..." सुकुमार पुटपुटले.

"कसलं व्रत रं? देवाला फसवून धरल्यालं. त्या बाया माझ्या पाया पडत हुत्या, आन मी मनात किलो मोजत हुतो. त्याचंच पाप मोठं हाय. ह्ये मोडलं तर उलट थोडं फिटंल." त्यांनी हात जोडले, डोळे मिटून काहीतरी म्हटलं, आणि माझ्याकडं वळल्या. "वाढ. मोजू नगंस."

मी आमटीत भाकरी कुस्करली आणि त्यांना भरवली. त्या घासाघासाला माझ्या तोंडाकडं बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या बसून जेवत होत्या आणि वाढणारं दुसरं कुणीतरी होतं.

रात्र सलाईनवर दवाखान्यातच गेली. तांबडं फुटताना मॅडमच्या परवानगीनं आम्ही गूळ सौद्यात पोचलो. दस्तगीरमामा काटा पुसत होते. पत्र्याला हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला, आणि वर बघितलं तर समोर आक्का.

"पयलं वजन माझं धर, दस्तगीर."

रांगेतल्या शेतकऱ्यानं आपला रवा बाजूला घेतला. या वेळी आत्तींनी पदर पुढं ओढला नाही. सुकुमारच्या खांद्यावर हात ठेवून त्या चढल्या. होय, या वेळी सुकुमार तिथंच होते.

गुळाच्या सौद्यात वजनं एक, दोन अशी मोजत जातात, पण दिवसाच्या पहिल्या वजनाला कुणी 'एक' म्हणत नाही. त्याऐवजी शुभ शब्द उच्चारला की बरकत येते म्हणतात. मामांनी काटा स्थिर होऊ दिला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात पुकारा केला.

"लाभ!"

आणि थांबले. दिवाणजीकडं वाकून हळूच आकडा सांगू लागले.

"तसं न्हाई," आत्ती वरून म्हणाल्या. "मोठ्यानं सांग. त्या दिवशी सांगितलास तसा."

"आक्का, कशाला उगीच..."

"सांग म्हणतो न्हवं!"

मामांनी घसा खाकरला. "एकशे बावन्न!"

कुणी हसलं नाही. तो चिल्लरवाला हमाल डोक्याचं मुंडासं सोडून पुन्हा बांधत बसला. मी पट्टी घेतली, बाजार समितीचा शिक्का मारून घेतला आणि सांभाळून ठेवली. टेम्पोत बसताना आत्ती म्हणाल्या, "दोन किलोनं वाचलो बघ." आणि खुदकन हसल्या. मला हसावं की रडावं कळेना.

टेबल आलं. पण सरकारी काम, चार महिने लागले. तोवर मॅडमनी रोग दाबून धरायच्या गोळ्या दिल्या, रक्त भरलं. ऑपरेशन झालं त्या दिवशी मॅडम बाहेर आल्या आणि मला जिन्यापाशी घेऊन गेल्या. टोपी काढली. मग म्हणाल्या, "पिशवी निघाली. पण आजार पिशवीच्या बाहेर गेलाय. हे चार महिने, आणि त्याआधीचं ते वर्ष." त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. "आता किरणांचा शेक द्यावा लागेल, सलाईनमधून औषधं, महिनोन्महिने. हेही लोकांच्याच पैशानं. हिशेब केला तर एवढ्यात तसली दोन-चार टेबलं आली असती, आणि आजी खडखडीत बऱ्या होऊन घरी गेल्या असत्या. हे मी कुणाला सांगू?"

मी आत्तींना काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. पण मला वाटतं, माझ्या तोंडावरून त्यांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. त्यानंतर दोन वर्षं राहिल्या.

ऑपरेशनचे टाके निघायच्या आदल्या दिवशी वॉर्डात एक बाई आली. चाळिशीही नसेल, आत्तींइतकीच अंगानं भारी. शालन तिचं नाव. टेबल नवं आलं होतं, पण काटा जुनाच; नर्सनं तिला त्यावर चढवलं, काटा शेवटाला थडकला, आणि ती खाली उतरून दाराकडंच निघाली. दीर म्हणत होता, "वहिनी, थांबा की." ती थांबेना.

"ए पोरी," आत्तींनी खाटेवरून हाक मारली. "हिकडं ये. बस हितं."

खाटेवर जागा नव्हती. आत्ती टाक्यांवर हात दाबून सरकल्या. शालन अंग चोरून कडेला टेकली.

"नीट बस. मोडत न्हाई खाट. त्यांचा काटा ल्हान हाय, त्याला तू काय करणार? गुळाच्या सौद्यात मोठा हाय. दस्तगीर मापाडी म्हणून विचार. मी धाडलंय म्हण."

शालननं मान खाली घातली. "सगळ्या बाजारात, आक्का? गड्यांच्या पुढं?"

"व्हय. पर दुपारी जाऊ नगंस, मी तीच चूक केली. पाटं जा, सौदा उघडताना. पयलं वजन तुझं घ्याला लाव."

"का?"

"पयल्या वजनाला तितं एक म्हणत न्हाईत."

"मग काय म्हणत्यात?"

आत्तींनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि थोपटला.

"जा तर खरं. तितंच ऐक."